तीस किलोमीटरच्या वर : ध्रुवाकडची तापवृद्धी, लेझर आणि भंडाऱ्याचे आकाश

साशंक : स्थितांबरातील आकस्मिक तापवृद्धी ही मुळात ध्रुवाकडची घटना आहे. 1952 च्या हिवाळ्यात रिखार्ड शेरहाग या जर्मन हवामानशास्त्रज्ञाला बर्लिनवर सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत ती पहिल्यांदा आढळली. ऐन हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोके वर काढतो आणि वरची हवा अतिशीत असते. तशा दिवसांत 30 किलोमीटरच्या आसपासचे तापमान भराभर चढलेले दिसले, म्हणून तिला आधी ‘बर्लिन घटना’ असेच म्हणत. पुढे जागतिक हवामान संघटनेच्या नावाने तिची व्याख्या रूढ झाली. 10 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे साधारण 30 ते 32 किलोमीटर उंचीवर, 60 अंश उत्तर अक्षवृत्तावरचे पश्चिमी वारे उलटून पूर्वेकडून वाहू लागले आणि तिथून ध्रुवाकडे जाताना तापमान घटण्याऐवजी वाढत गेले, की ती मोठी घटना. वारे न उलटता आठवडाभरात तापमान किमान 25 अंशांनी वाढले, तर ती लहान घटना. भंडारा आहे 21 अंश उत्तरेला. मोठ्या घटनेच्या व्याख्येतील एकही अट भंडाऱ्याच्या माथ्यावरील हवेला लागू होत नाही. मग या जिल्ह्यातून आकाशात लेझर सोडून ध्रुवाकडच्या घटनेचा शोध घ्यायचा, हे मुळातच चुकीच्या जागी उभे राहणे आहे.

समर्थक : व्याख्या 60 अंशांवर बांधली आहे ती मोजमापाच्या सोयीसाठी, घटना मात्र तिथे थांबत नाही. ती घडते कशी हे पाहिले की भंडाऱ्याचा संबंध आपोआप समोर येतो. हिमालय, रॉकी यांसारख्या पर्वतरांगा आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक यांमुळे हवेत हजारो किलोमीटर लांबीचे तरंग उठतात. त्यांना ग्रहीय तरंग म्हणतात. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमी वारे असतात तोवर हे तरंग वर चढू शकतात. दक्षिण गोलार्धात असे पर्वत आणि असे भूखंड कमी, म्हणून तिथे मोठी घटना क्वचित घडते; उत्तरेकडे मात्र दशकात सरासरी सहा. वर चढलेले तरंग ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या भोवऱ्यावर आदळून फुटतात आणि त्याचा वेग मोडतात. वेग मोडला की हवा ध्रुवाकडे सरकते आणि खाली उतरते. सायकलच्या पंपात दाबलेली हवा तापते, तशी ही उतरणारी हवा दाबली जाऊन तापते. ही सगळी साखळी गणिताने पहिल्यांदा मांडली ती तारो मात्सुनो या जपानी शास्त्रज्ञाने, 1971 मध्ये. आता ध्रुवावर हवा खाली उतरत असेल, तर ती दुसरीकडे कुठे तरी वर चढलीच पाहिजे. ती चढते उष्ण कटिबंधात. चढताना ती फुगते आणि गार होते. निंबस-3 या उपग्रहाच्या नोंदी पाहून फ्रिट्झ आणि सोल्स या दोघांनी 1970 मध्येच दाखवून दिले होते की ध्रुवाकडचे स्थितांबर तापते तेव्हा उष्ण कटिबंधावरचे गार होते. भंडारा या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आहे.

साशंक : हे मान्य केले तरी दोन्ही पारडी सारखी नाहीत. जानेवारी 2009 मध्ये ध्रुवीय भोवरा दुभंगला, तेव्हा ध्रुवाजवळचे तापमान आठवड्याभरात 50 अंशांच्या आसपास वाढले. उष्ण कटिबंधाचे क्षेत्र ध्रुवीय टोपीच्या कितीतरी पट मोठे. त्यामुळे तीच उष्णता तिथे वाटली जाते आणि गारवा काही अंशांवर येऊन थांबतो. हा काही अंशांचा बदल ऋतुबदलात मिसळतो. शिवाय विषुववृत्तावरच्या वाऱ्यांचे सुमारे 28 महिन्यांचे आवर्तन असते, हवेतले लहान गुरुत्व तरंग असतात, भरती-ओहोटीसारखे रोजचे हेलकावे असतात. एवढ्या गोंगाटात तो बदल वेगळा काढायचा असेल, तर मोजणारे साधन तसे बारीक हवे. ते लेझरने साधते का?

समर्थक : साधनाचा विचार उंचीनुसार करावा लागतो. नागपूरच्या हवामान केंद्रातून रोज ठरल्या वेळी रेडिओसाँड घेऊन फुगा वर जातो. भंडाऱ्यावरच्या हवेची त्यातल्या त्यात जवळची थेट नोंद हीच. पण फुगा 30-35 किलोमीटरच्या पुढे टिकत नाही, आणि बरेचदा त्याआधीच फुटतो. तिथून 80 किलोमीटरपर्यंतचा पट्टा फुग्यासाठी फार विरळ आणि उपग्रहाच्या कक्षेसाठी फार दाट. अग्निबाण तिथून काही मिनिटांत निघून जातो. रात्रभर एकाच जागेवरून या पट्ट्याचे तापमान बारकाईने मोजत बसू शकते ते लायडार. त्यात हिरव्या लेझरचे, म्हणजे 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे, अतिशय आखूड स्पंद सरळ वर सोडतात. हवेतले रेणू त्या प्रकाशाचे विकिरण करतात, आणि त्यातला अगदी थोडा भाग परत खाली येतो. तो मोठ्या आरशाच्या दुर्बिणीने गोळा करून एकेक फोटॉन मोजतात. स्पंद सुटल्यापासून फोटॉन परत यायला किती वेळ लागला यावरून उंची कळते. 30 किलोमीटरवरून परत यायला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो, 75 किलोमीटरवरून दोन हजारावा. किती फोटॉन आले यावरून त्या उंचीवरच्या हवेची घनता कळते.

यात तापमान प्रत्यक्ष मोजले जात नाही, ही गोष्ट संवादातल्या दोन्ही बाजूंनी नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोजले जाते ते परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण. 30 किलोमीटरच्या वर धूळ आणि ज्वालामुखींची राख सहसा नसते, म्हणून तिथला प्रकाश केवळ रेणूंकडून आला असे धरता येते आणि त्यावरून घनता मिळते. एखाद्या थरावर वरच्या हवेचा जेवढा भार, तेवढा तिथला दाब, हे तत्त्व आणि वायूंचा नियम वापरून घनतेवरून तापमान काढतात. ही रीत 1980 मध्ये ओशकोर्न आणि शानें या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 35 ते 70 किलोमीटरच्या पट्ट्यासाठी वापरून दाखवली, आणि दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत त्या नोंदी पुढे अनेक वर्षे चालू राहिल्या. आकस्मिक तापवृद्धीचा लेझरने झालेला अभ्यास पुष्कळसा याच पायावर उभा आहे.

साशंक : नेमकी इथेच पहिली अडचण येते. वरच्या हवेचा भार मोजायचा तर सुरुवात सर्वांत वरच्या थरापासून करावी लागते, आणि तिथले तापमान किंवा दाब गृहीत धरावा लागतो. ते गृहीत एखाद्या सरासरी प्रारूपातून घेतात. तापवृद्धीच्या काळात वरचे थर सरासरीसारखे नसतात, हाच तर अभ्यासाचा विषय! म्हणजे जी गोष्ट शोधायची, ती नाही असे धरून गणित सुरू होते. दुसरी अडचण प्रकाशाची. 30 किलोमीटरवर हवेची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या दीड टक्का असते, 50 वर हजारावा भाग, आणि 80 वर लाखात एक-दोन भाग. त्यात अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रकाश चौथाई होतो. दोन्हींचा हिशेब केला तर 40 किलोमीटरच्या मानाने 80 किलोमीटरवरून सुमारे साडेआठशे पट कमी प्रकाश येतो. इतके थोडे फोटॉन मोजताना चूक मोठी राहणारच.

समर्थक : दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण दोन्हींचे माप घेता येते, आणि मापता येणारी चूक हाताळता येते. वर धरलेल्या गृहीताची चूक खाली येताना झपाट्याने विरघळते, कारण खालच्या प्रत्येक थराचा भार वरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सुरुवात 80 किलोमीटरवर केली असेल, तर 65 किलोमीटरपर्यंत येताना ती चूक फारशी उरत नाही. म्हणून 65 च्या खालचे आकडे भरवशाचे आणि वरचे सावधपणे वाचायचे, हा सरळ नियम. फोटॉनच्या तुटवड्यावरही उपाय आहे : जास्त शक्तीचा लेझर, मोठा आरसा आणि जास्त वेळ. आंध्र प्रदेशातल्या गाडंकीत भारत-जपान सहकार्याने 1998 मध्ये असा लायडार उभा राहिला. त्याचा लेझर तेव्हा सेकंदाला 20 स्पंद सोडत असे आणि वरच्या थरांसाठी 75 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण होती. त्याआधी, नोव्हेंबर 1997 पासून, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने आबूच्या पहाडावर, गुरुशिखर इथे अशा नोंदी सुरू केल्या होत्या. महाराष्ट्रालाही लेझरने हवा पाहण्याची सवय नवी नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 1980 च्या दशकापासून अर्गॉन लेझरने खालच्या काही किलोमीटरमधल्या धुळीचा अभ्यास होत आला. पण तो प्रश्न वेगळा, उंची वेगळी.

साशंक : गाडंकीचे नाव निघालेच आहे, तर तिथल्या सर्वांत गाजलेल्या नोंदीबद्दल बोलू. फेब्रुवारी 2001 मध्ये उत्तरेकडे मोठी तापवृद्धी झाली. त्याच महिन्याच्या 22 आणि 23 तारखांच्या रात्री गाडंकीच्या लायडारला स्थितांबराची वरची सीमा हिवाळी सरासरीपेक्षा सुमारे 18 अंशांनी उष्ण दिसली. संशोधकांनी तिचा संबंध ध्रुवीय भोवऱ्याच्या हालचालींशी जोडला. आता आधीचे विवेचन आठवावे. ध्रुव तापतो तेव्हा उष्ण कटिबंध गार होतो, असे म्हटले गेले. मग 13.5 अंश अक्षांशावरचे गाडंकी तापले कसे? सिद्धान्त गारवा सांगत असताना नोंद उष्णता दाखवत असेल, आणि तरीही दोन्ही एकाच घटनेचे पुरावे मानले जात असतील, तर कोणतीही नोंद पुरावा ठरेल. मग तपासायचे काय उरले?

हा आक्षेप या सबंध वादातला सर्वांत वजनदार आहे. त्याला वरवरचे उत्तर पुरत नाही, आणि समर्थकाने दिलेले उत्तर आक्षेप अर्धाच मिटवते.

समर्थक : बदलाचे चित्र दोन कप्प्यांचे नाही, चार कप्प्यांचे आहे. ध्रुवाकडचे स्थितांबर तापते, त्याच्या वरचे मध्यांबर गार होते. उष्ण कटिबंधात उलट : स्थितांबर गार होते आणि वरचे मध्यांबर काहीसे तापते. कारण भोवरा मोडला की मध्यांबरात पोहोचणारे गुरुत्व तरंगही वेगळे होतात आणि तिथले अभिसरण उलट दिशेने झुकते. स्थितांबराची वरची सीमा 47 ते 50 किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे खालच्या गार आणि वरच्या उष्ण कप्प्याच्या सांध्यावर. शिवाय हे चार कप्पे सबंध अक्षवृत्ताची सरासरी काढल्यावर दिसतात. प्रत्यक्षात ग्रहीय तरंगाचा एखादा उष्ण पट्टा एका रेखांशावर दूर दक्षिणेपर्यंत येऊ शकतो आणि शेजारच्या रेखांशावर त्याच रात्री गारवा असू शकतो. त्यामुळे गाडंकीची नोंद सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते असे म्हणता येत नाही.

साशंक : पण ती सिद्धान्ताच्या बाजूने जाते असेही म्हणता येत नाही, आणि मुद्दा हाच आहे. सांध्यावर घेतलेली नोंद दोन्ही बाजूंनी लावता येते. त्यातून एकाच केंद्राची, एक-दोन रात्रींची नोंद. उष्ण कटिबंधात मोठा गुरुत्व तरंग सरकत गेला तरी एका रात्रीत काही अंशांचा चढउतार होतो. मध्यांबरात 70 ते 80 किलोमीटरवर तापमान उलटे वाढत जाण्याचे थर तर गाडंकी आणि आबू, दोन्हीकडे दिसले आहेत, आणि ते तापवृद्धीविनाही असतात. मग घटनेच्या तारखेला जे काही वेगळे दिसले ते घटनेमुळे, असे म्हणण्याचा मोह होतो. तारखा जुळणे आणि कारण सापडणे यांत बरेच अंतर आहे. उपग्रहांनी सबंध गोलार्धाचे चित्र मिळते. ते सोडून एका ठिकाणच्या अरुंद छिद्रातून आकाश पाहण्यात शहाणपण कोणते?

समर्थक : उपग्रहाचे चित्र विस्तृत आहे, पण विरळ आहे. टाइम्ड उपग्रहावरचे सेबर हे उपकरण 2002 पासून याच पट्ट्याचे तापमान मोजते आहे आणि त्याचे ऋण फार मोठे. पण एका ठिकाणावर ते दिवसातून एक-दोनदाच फिरकते, आणि दिवसाचे सगळे तास व्यापायला त्याला सुमारे 60 दिवस लागतात. आकस्मिक तापवृद्धी आठवड्याभरात येऊन जाते. त्या आठवड्यात रोजच्या हेलकाव्यांचा जोर कसा बदलला हे 60 दिवसांच्या सरासरीतून कसे सांगणार? ऑरा उपग्रहावरच्या उपकरणाने 2004 पासून मोठे काम केले, पण मध्यांबरात त्याला काही किलोमीटरच्या जाडीचाच थर ओळखता येतो. लायडारला काहीशे मीटरचा थर आणि काही मिनिटांचा बदल दिसतो. गुरुत्व तरंगाचा चढउतार काही तासांत वर-खाली सरकतो आणि तापवृद्धीचा दिवसानुदिवस टिकतो, हा भेद ओळखायला रात्रभराची सलग नोंदच हवी. म्हणजे जो गोंगाट लायडारच्या नोंदीतला दोष म्हणून सांगितला गेला, तो वेगळा काढण्याचे साधनही लायडारच आहे.

साशंक : सलग रात्री मिळाल्या तर! लेझरला ढग चालत नाहीत, चंद्रप्रकाशाच्या रात्री परतणारा अंधुक प्रकाश बुडून जातो, आणि दिवसा तर वरच्या थरांचे कामच होत नाही. भंडाऱ्यात जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत आकाश मोकळे मिळणे मुश्कील. दक्षिण गोलार्धातल्या दोन नावाजलेल्या घटना, 2002 ची आणि 2019 ची, दोन्ही सप्टेंबरच्या. त्या इथून दिसल्या नसत्या. हिवाळ्यात आकाश निवळते, पण हा तलावांचा जिल्हा आहे. माजी मालगुजारी तलाव, वैनगंगेचे पात्र, पवनीजवळ गोसीखुर्दचे पसरलेले पाणी, त्यात उन्हाळी धानासाठी भरलेल्या बांध्या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुके उतरते. आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. देशातल्या हवाई मार्गांचे मोठे जाळे नागपूरच्या आकाशात एकमेकांना छेदते. सरळ वर जाणारा जोरदार लेझर विमानाच्या चालकाच्या डोळ्यांना धोकादायक ठरू शकतो. परवानगी, वेळापत्रक आणि विमान जवळ आले की लेझर आपोआप बंद करणारी यंत्रणा, हे सगळे लागेल.

समर्थक : विमानांबाबतची अट कडक असली तरी पाळता येण्यासारखी आहे, जगभरातली लायडार केंद्रे ती पाळतात. धुके पहाटेचे, आणि लायडारचे उत्तम काम संध्याकाळ सरल्यानंतर मध्यरात्रीपलीकडे काही तासांपर्यंत होते. ऋतूचा मुद्दा तर बाजूने जातो. उत्तरेकडच्या मोठ्या घटना मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात होतात, आणि पूर्व विदर्भात वर्षातले निरभ्र आकाश याच महिन्यांत असते. आबूलाही तेच आणि गाडंकीलाही बहुतांशी तेच. वर्षभराचे केंद्र नको. हिवाळ्याचे चार महिने चालणारे, ट्रकवर बसवलेले फिरते यंत्रही पुरेल.

साशंक : तरीही विचारावे लागते की चार महिन्यांचे हे जागरण कोणासाठी? लाखांदूरच्या धान उत्पादकाला मार्चमधल्या गारपिटीची सूचना हवी, मोहाडीच्या शेतात काम करणाऱ्या बाईला वीज पडण्याआधी इशारा हवा. नागपूरचे डॉप्लर रडार आणि पुण्याच्या संस्थेचे ‘दामिनी’ ॲप यांनी ती गरज थोडीफार भागते, आणि तिथे अजून पुष्कळ करण्यासारखे आहे. आकस्मिक तापवृद्धीचा जमिनीवर परिणाम होतो हे खरे. बाल्डविन आणि डंकर्टन यांनी 2001 मध्ये दाखवले की स्थितांबरातला बदल खाली उतरून दोन महिन्यांपर्यंत हवामानावर छाप ठेवतो. फेब्रुवारी 2018 च्या घटनेनंतर युरोपवर कडाक्याची थंडी आली. पण ते उत्तर युरोप, उत्तर आशिया, उत्तर अमेरिका. भंडाऱ्यातली थंडीची लाट येते ती पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे. तिचा आणि ध्रुवाकडच्या तापवृद्धीचा ठाम संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. तो असल्याचा आव आणून यंत्रासाठी पैसे मागणे अप्रामाणिकपणाचे होईल.

समर्थक : तसा आव आणू नये, हे पूर्ण मान्य. गारपीट आणि विजेच्या इशाऱ्यासाठीचा पैसा लायडारकडे वळवा असे कोणीही म्हणू नये. पण परिणाम म्हणजे फक्त जमिनीवरचे हवामान, हे धरून चालणे अपुरे आहे. उष्ण कटिबंधात या घटनेचा सर्वांत ठसठशीत परिणाम दिसतो तो 100 किलोमीटरच्या वर. चुंबकीय विषुववृत्तावर सुमारे 105 किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक प्रवाह पूर्वेकडे वाहतो. त्याचा जोर काढताना तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची नोंद वजा करतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला नेली. तीच ही वेधशाळा. मोठ्या तापवृद्धीच्या दिवसांत हा प्रवाह सकाळी जोर धरतो आणि दुपारी उलटतो, असे भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि इतरांच्या अभ्यासात दिसले. त्याबरोबर आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची उत्तर-दक्षिण वाटणी बदलते. ज्या पट्ट्यात ते दाट होतात तो मध्य भारतावरून जातो. उपग्रहावरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेचे संदेश याच थरातून खाली येतात. म्हणजे ध्रुवाजवळ 30 किलोमीटरवर घडलेल्या गोष्टीचा पडसाद विदर्भावर 300 किलोमीटरवर उमटतो. हे प्रस्थापित आहे. प्रस्थापित नाही ते मधले : 30 ते 80 किलोमीटरच्या पट्ट्यातून हा निरोप नेमका कसा वर जातो.

इथे संवादाचा रोख बदलतो. आतापर्यंत भंडाऱ्याला काय मिळणार असे विचारले जात होते. आता विचारणे असे की भंडाऱ्यातूनच काय मोजता येईल. लेखकाच्या मते हाच प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

साशंक : निरोप वर नेण्याचे काम मुख्यतः रोजच्या हेलकाव्यांकडे जाते, त्यातही अर्ध्या दिवसाच्या हेलकाव्याकडे. फक्त रात्री चालणारे यंत्र बारा तासांचा हेलकावा पुरता कसा पकडणार? कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रडारने मध्यांबराच्या वरच्या भागातील वारे दिवसरात्र मोजले गेले आहेत. हेलकाव्यांसाठी तसे रडार लायडारपेक्षा बरे.

समर्थक : हेलकाव्यांसाठी रडार बरे, आणि कोल्हापूरच्या नोंदींचे मोल त्यामुळेच. पण रडार 80 किलोमीटरच्या वरचे वारे दाखवते. हेलकावा खालून येताना कोणत्या थरात फुगला किंवा मोडला, हे तापमानाच्या उभ्या रेषेवरून कळते. एका साधनाने सगळे होत नाही. नागपूरचा फुगा 30 पर्यंत, लायडार 30 ते 80, रडार 80 ते 100 च्या आसपास, अलिबाग-तिरुनेलवेलीची चुंबकीय नोंद त्याच्यावर. या उतरंडीतले फक्त दुसरे भांडे मध्य भारतात रिकामे आहे. आणि नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. गाडंकी 79.2 अंश पूर्व रेखांशावर, भंडारा 79.65 वर, आणि नैनितालची खगोल व वातावरण वेधशाळा 79.5 वर. तिन्ही जवळपास एका रेषेत. अक्षांश 13.5, 21.2 आणि 29.4, म्हणजे मधली अंतरेही जवळपास सारखी, प्रत्येकी साडेआठशे-नऊशे किलोमीटर. आबू 24.5 वर असले तरी ते सात अंश पश्चिमेला आहे. तिथे आणि गाडंकीत वेगळे दिसले, तर तो फरक अक्षांशाचा की रेखांशाचा, हे सांगता येत नाही. ग्रहीय तरंगाचा उष्ण पट्टा रेखांशागणिक बदलतो, हे वर आलेच. एकाच रेखांशावर तीन ठिकाणे असली की तो गोंधळ पुष्कळ कमी होतो.

साशंक : हा युक्तिवाद आधीच्या सगळ्यांपेक्षा पक्का आहे, कारण तो चुकीचा ठरू शकतो. ध्रुवाकडच्या घटनेत 29 अंशांवर एक चिन्ह आणि 13 अंशांवर विरुद्ध चिन्ह दिसले, तर मध्ये कुठे तरी शून्याची रेषा असणार. ती 21 च्या उत्तरेला की दक्षिणेला, उंचीनुसार ती कशी झुकते, दर घटनेत तीच राहते की सरकते, हे प्रश्न मोजून सुटतील. पण त्यासाठी अट अशी की नोंदी पाहण्याआधी निकष लिहून ठेवावेत. किती अंशांचा बदल, किती रात्री टिकलेला, कोणत्या उंचीवर. आणि ज्या हिवाळ्यात ध्रुवाकडे काहीच घडले नाही त्या हिवाळ्यातही तेवढ्याच रात्री मोजणी. शांत हिवाळ्यांत तसाच बदल तितक्याच वेळा दिसला, तर भंडाऱ्याच्या आकाशाचा या घटनेशी संबंध नाही असे जाहीर करायची तयारी हवी.

समर्थक : निकष आधी लिहायची अट मान्य, शांत हिवाळे मोजण्याचीही. फक्त एक दुरुस्ती. संबंध नाही असे निघाले, तर तोही परिणाम छापण्याजोगा आहे. उष्ण कटिबंधाची सीमा कुठे आहे ते त्यातून कळेल. उलट दिशेचा संबंधही तपासावा लागेल. विषुववृत्तावरचे 28 महिन्यांचे वाऱ्यांचे आवर्तन पूर्वेकडच्या अवस्थेत असते तेव्हा ध्रुवीय भोवरा जास्त दुबळा असतो, हे होल्टन आणि टॅन यांनी 1980 मध्ये दाखवले. हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या मोठ्या ढगांच्या पट्ट्यांचा आणि त्यानंतरच्या तापवृद्धीचाही संबंध दिसला आहे. म्हणजे उष्ण कटिबंध फक्त निरोप घेणारा नाही, पाठवणाराही आहे. भंडाऱ्यावरची 30 ते 80 किलोमीटरची हवा घटनेच्या दोन आठवडे आधी कशी असते, हेही मोजणीत धरावे.

साशंक : आधीचे आणि नंतरचे, दोन्ही धरले तर रात्रींची संख्या वाढते आणि सलग निरभ्र रात्री मिळण्याची शक्यता घटते. दशकातल्या सहा घटनांपैकी किती घटनांत तिन्ही ठिकाणी एकाच रात्री आकाश मोकळे असेल? दोन? तेवढ्यावरून शून्याची रेषा काढता येईल का, हे अजून कोणी हिशेब करून सांगितलेले नाही. यंत्र मागण्याआधी गेल्या वीस हिवाळ्यांतल्या नागपूर, गाडंकीजवळचे तिरुपती आणि नैनिताल इथल्या ढगांच्या नोंदी काढून तो हिशेब करावा. त्याला ना लेझर लागतो ना परवानगी. हवामान खात्याच्या दप्तरातल्या नोंदी आणि एखाद्या महाविद्यालयातले दोन चिकाटीचे विद्यार्थी पुरतील.

समर्थक : तो हिशेब भंडाऱ्यातच व्हावा, आणि यंत्राच्या मागणीच्या पहिल्या पानावर तो असावा.